फॅट आधी की एसएनएफ आधी

संध्याकाळचं संकलन आटपलं, कॅन गाडीत चढले, मापं धुऊन पालथी घातली आणि मी संस्थेतच लॅपटॉपसमोर बसलो. साडेआठ वाजले होते. चार दिवस खपून लिहिलेल्या माझ्या चाळीस ओळींच्या प्रोग्रॅमखाली एकच तक्रार आली होती : ‘व्हॉइड टाइप नॉट अलाउड हिअर’. शब्दांचा अर्थ कळत होता. पण नक्की काय चालत नाही आणि कुठे चालत नाही, ते काही उमगेना. दोनच मिनिटांपूर्वी हाच प्रोग्रॅम दुधाचा दर बरोबर काढून दाखवत होता, ३२ रुपये ५० पैसे. त्या दराला मी फक्त लिटरने गुणायला गेलो आणि बिनसलं.

मी आमच्या गावच्या दूध संस्थेचा सचिव. शिक्षण बी.कॉम., वर एमएस-सीआयटी. कॉम्प्युटरशी संबंध म्हणाल तर बिलाचं सॉफ्टवेअर उघडायचं, प्रिंट मारायची, बंद करायचं. ते सॉफ्टवेअर ज्यांनी बसवलंय त्यांचा माणूस दरपत्रक बदललं की येतो, पण त्याच्या सवडीनं. तोवर जुन्या दरानंच पावत्या निघतात, आणि दहा दिवसांचा पगार वाटायच्या आदल्या रात्री फरकाची बेरीज-वजाबाकी मी वहीवर करत बसतो. (आमच्याकडे दुधाच्या बिलाला पगारच म्हणतात. नोकरीचा पगार महिन्यानं होतो, म्हशीचा दहा दिवसांनी.) दिवाळीत भाची आली होती. ती पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझी वही चाळून म्हणाली, “मामा, हे पाच-सहा मेथडचं काम आहे. तूच लिही की.” (मेथड म्हणजे प्रोग्रॅमचा एक नाव दिलेला तुकडा, ठरलेलं एक काम करणारा.)

तिला त्या वर्षी जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा होती, म्हणून मलाही जावा. तिनं पुण्याला परत जायच्या आधी लॅपटॉपवर सगळं बसवून दिलं, दोन दिवस शिकवलं, आणि पुढचं रात्री नवाच्या व्हिडिओ कॉलवर. जावात मेथडला, व्हेरिएबलला (म्हणजे आकडा ठेवायच्या डब्याला) देवनागरी नाव चालतं हे तिनंच सांगितलं आणि लगेच पस्तावली, कारण मी सगळीच नावं मराठीत द्यायला लागलो. दर, रक्कम, कपात. “कॉलेजात असं लिहिलं तर सर वर्गाबाहेर काढतील,” ती म्हणाली. मला कुठे कॉलेजात जायचंय! एवढंच की जावाची आवृत्ती जुनी असेल तर विंडोजवर कंपायलरला (आपण लिहिलेलं तपासून यंत्राला चालेल असं करून देणाऱ्याला) फाइल यूटीएफ-८ या अक्षरपद्धतीत आहे हे वेगळं सांगावं लागतं, नाहीतर अक्षरांचा पार कचरा होतो. १८व्या आवृत्तीपासून जावा ते आपणहून धरून चालतं. भाषेचे स्वतःचे शब्द, म्हणजे व्हॉइड, रिटर्न, इफ वगैरे, मात्र इंग्रजीतच टाइप करावे लागतात. इथे वाचायला सोपं जावं म्हणून तेही नागरीत लिहितोय.

तर त्या रात्री भाचीनं माझा कोड बघितला. दर नावाची मेथड फॅट आणि एसएनएफ (फॅट आणि पाणी सोडून दुधात उरणारे घन पदार्थ) घ्यायची, हिशेब करायची आणि शेवटी प्रिंटलाइननं आकडा दाखवायची. मेथडच्या नावाआधी व्हॉइड.

“मामा, तुझी मेथड दर देतच नाहीये.”

“देते की. हा बघ, ३२.५०.”

“तो तुला दाखवतेय. प्रोग्रॅमला कुठे देतेय?”

मला वाटलं पोरगी शब्दाचा कीस काढतेय. स्क्रीनवर आकडा दिसतोय म्हणजे मिळालाच की. तिनं दोन-तीन उदाहरणं दिली, बँकेची, हॉटेलची; डोक्यात काही शिरलं नाही. मग माझं लक्ष टेबलावरच्या मशीनकडे गेलं आणि लख्ख उजेड पडला.

आमच्याकडे पूर्वी फॅटचं जुनं मशीन होतं. नमुना लावला की लाल आकडे दिसायचे. मी तिथून ओरडायचो, “चार शून्य!” आणि टेबलावर बसलेला पोरगा ते रजिस्टरात लिहायचा. मशीन फक्त दाखवायचं. आकडा रजिस्टरात जायचा तो माझ्या घशातून आणि पोराच्या हातातून. दोन वर्षांपूर्वी नवीन ॲनलायझर आलं, त्याच्या पाठीमागून एक केबल निघते आणि कॉम्प्युटरमध्ये जाते. आता कुणी ओरडत नाही. आकडा थेट पावतीत जाऊन बसतो. डिस्प्लेवर दिसला काय, न दिसला काय, पावतीला फरक पडत नाही. प्रिंटलाइन म्हणजे डिस्प्ले. रिटर्न म्हणजे केबल. आणि व्हॉइड म्हणजे ‘या मशीनला केबल नाही’ असं पाठीवर लिहून ठेवणं. केबल नसलेल्या मशीनमधून आलेला आकडा मी लिटरने गुणायला निघालो होतो. आकडा आलाच नव्हता, तर गुणणार कशाला?

हे मी भाचीला सांगितलं तर ती म्हणाली, “हे मी माझ्या मैत्रिणींना सांगते.” त्या रात्री मला झोप चांगली लागली.

दुसऱ्या दिवशी व्हॉइड खोडून तिथे डबल लिहिलं, म्हणजे ही मेथड दशांशातला आकडा परत देणार, आणि प्रिंटलाइनच्या जागी रिटर्न. प्रोग्रॅम चालवला. स्क्रीन कोरी! ना दर, ना चूक. अर्धा तास मी रिटर्नचं स्पेलिंग तपासत होतो. शेवटी कळलं की आकडा केबलनं बरोबर आला होता, पण मेनमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम जिथून सुरू होतो तिथे, त्याला धरायला कुणी नव्हतं. मी नुसतं ‘दर(४.०, ८.७)’ एवढंच लिहिलं होतं. परत आलेली किंमत कुठल्या व्हेरिएबलमध्ये ठेवली नाही, छापली नाही, तर जावा ती निमूट टाकून देतं, आणि टाकून दिली म्हणून सांगतही नाही. हाच घोळ पुढे मी रक्कम पूर्ण रुपयात आणताना परत केला. ‘मॅथ.राउंड(रक्कम)’ अशी ओळ लिहून मोकळा झालो, आणि बिलात पैसे जसेच्या तसे. राउंड तुमच्या रकमेला हात लावत नाही, नवी गोल केलेली रक्कम काढून हातात देते. हात पुढे करायचं काम आपलं.

मग डिस्प्लेही हवा, केबलही हवी, म्हणून मी रिटर्नच्या खाली प्रिंटलाइन ठेवून बघितली. ‘अनरीचेबल स्टेटमेंट’. रिटर्न झालं की मेथड संपली, त्याच्या खालच्या ओळीपर्यंत कुणी पोचतच नाही. हे एक मला न शिकवताच पटलं. पावती फाडून सभासदाच्या हातात दिल्यावर तिच्यावर आणखी काही लिहिता येत नाही.

पॅरामीटर आणि आर्ग्युमेंट हे दोन शब्द भाची कधी इकडचे तिकडे वापरायची, पण फरक विचारला की नीट सांगायची. पावतीपुस्तकात छापलेले कोरे रकाने म्हणजे पॅरामीटर, सकाळी त्यात भरलेले आकडे म्हणजे आर्ग्युमेंट. त्यात मी अडलो ते नावांवर. मेनमध्ये माझ्या व्हेरिएबलचं नाव होतं ‘सकाळफॅट’, मेथडच्या रकान्याचं नाव ‘फॅट’. मला वाटायचं नावं जुळली नाहीत तर आकडा पोचणार कसा? म्हणून मी सगळीकडे एकच नाव देत सुटलो, आणि त्यामुळे मेथडच्या आतला दर आणि बाहेरचा दर एकच आहेत असा समज होऊन बसला. आतलं व्हेरिएबल बाहेर वापरायला गेलो तर ‘कॅनॉट फाइंड सिंबॉल’. मेथडच्या आत जन्मलेलं नाव मेथड संपली की संपतं. बाहेर येतो तो फक्त रिटर्न केलेला आकडा, तोही बिननावाचा. नाव ठेवायचं काम घेणाऱ्याचं.

या सगळ्यात एक प्रश्न मला छळत होता. मेथड संपल्यावर परत नेमकं कुठे यायचं, हे कॉम्प्युटरला कळतं कसं? मी दर ही मेथड सकाळच्या हिशेबातून बोलावतो, संध्याकाळच्या हिशेबातूनही बोलावतो. भाचीलाही हे नीट सांगता येईना, मग तिनं शोधून काढलं. केंब्रिज विद्यापीठात एडसॅक नावाचं यंत्र १९४९ साली चालू झालं, त्यात परत यायची अशी काही सोयच नव्हती. डेव्हिड व्हीलर नावाच्या तिथल्या तरुण संशोधकानं युक्ती काढली. बोलावणारा आपला पत्ता मागे ठेवून उडी मारायचा, आणि बोलावलेला तुकडा काम सुरू करायच्या आधी त्या पत्त्यावरून परतीची आज्ञा तयार करून स्वतःच्याच शेवटच्या ओळीत लिहून ठेवायचा. म्हणजे लग्नाला गेलेल्या माणसानं पोचल्या-पोचल्या परतीच्या यष्टीचं तिकीट काढून खिशात ठेवावं तसं. त्याला व्हीलर जंप म्हणतात. आता ही सोय यंत्रातच असते. प्रत्येक बोलावण्याचा कागद एका चळतीवर ठेवला जातो, त्यावर परतीचा पत्ता आणि त्या मेथडची स्वतःची व्हेरिएबल, आणि मेथड संपली की वरचा कागद उचलून फेकून द्यायचा. आतली नावं बाहेर का सापडत नाहीत, ते मला तेव्हा खरं पटलं. कागदच गेला.

मग आली गाय-म्हैस. दोघींचं दरपत्रक वेगळं. गाईचा मूळ दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला धरतात, म्हशीचा ६.० आणि ९.० ला. बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये १ दाबलं की गाय, २ दाबलं की म्हैस, म्हणून मीही तोच आकडा मेथडला पाठवायचं ठरवलं. आत लिहिलं, प्रकार १ असेल तर गाईचा दर रिटर्न, प्रकार २ असेल तर म्हशीचा दर रिटर्न. कंपायलर म्हणाला, ‘मिसिंग रिटर्न स्टेटमेंट’.

“दोन-दोन रिटर्न लिहिलेत. आणखी किती पाहिजेत?” मी फोनवरच चिडलो.

“प्रकार ३ आला तर काय परत देणार?”

“गाय नाहीतर म्हैस. तिसरं कोण दूध देतंय संस्थेला?”

“हे तुला माहीत आहे, मामा. कंपायलरनं गाय बघितलेली नाही.”

मी रागानं तळाला ‘रिटर्न ०’ लिहून तोंड बंद केलं त्याचं. भाचीनं ते बघून कपाळाला हात लावला. म्हणाली, “आता कुणाच्या बोटानं चुकून ३ दाबलं गेलं तर त्याचं दूध फुकट जाईल, आणि प्रोग्रॅम हूं की चूं करणार नाही.” आमच्याकडे सकाळी साडेसहाला, थंडीत, मफलर सावरत आकडे दाबले जातात. ३ दाबलं जाणार नाही असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नव्हतो. मग तिनं ‘थ्रो’ शिकवलं. भलता प्रकार आला तर काहीही परत न देता आरडाओरडा करून थांबायचं. कंपायलरला तेही चालतं. प्रत्येक वाटेच्या शेवटी एक तर किंमत हवी नाहीतर बोंब हवी, एवढंच त्याचं म्हणणं. मला हा नियम आवडला. संस्थेच्या ऑडिटरचंही असंच असतं.

आता एसएनएफकडे येतो, कारण इथे मी स्वतःला फार हुशार समजत होतो. प्रोग्रॅम तपासायला मी जुनी रजिस्टरं काढली, केबलच्या आधीची. त्यांत एसएनएफ नाही, फॅट आणि डिग्री आहे. डिग्री म्हणजे लॅक्टोमीटरचं तापमानाची दुरुस्ती केलेलं वाचन. त्यावरून एसएनएफ काढायचं सूत्र भिंतीवर चिकटवलेलंच होतं : डिग्री भागिले ४, अधिक फॅटच्या पाव पट, अधिक ०.४४. (हे शेवटचे आकडे संघागणिक थोडे इकडेतिकडे असतात.) आमच्या रजिस्टरात डिग्री नेहमी पूर्णांकात, म्हणून तिचा रकाना मी इंट ठेवला, पूर्णांकाचा. मेथड एका ओळीची.

रिटर्न डिग्री / ४ + ०.२५ * फॅट + ०.४४;

तपासायला डिग्री २८ आणि फॅट ४.० दिलं. उत्तर ८.४४. वहीवर केलं, ८.४४. जिंकलो. मग रजिस्टराचं एक पान घातलं, तर रक्कम कुठेच जुळेना. काहींची जुळत होती, काहींची शे-दोनशेनं कमी. एका सभासदाची डिग्री २९, दुसऱ्याची ३१, फॅट दोघांचं ४.०, आणि माझा प्रोग्रॅम दोघांना एसएनएफ सारखंच देत होता, तेच ८.४४. २८ पासून ३१ पर्यंत काहीही घाला, ८.४४. २७ घातलं की एकदम ७.४४.

जावात पूर्णांकाला पूर्णांकानं भागलं की उत्तरही पूर्णांकच, दशांशाची शेपटी कापून टाकलेली. २९ भागिले ४ म्हणजे ७. पाव गायब. २७ भागिले ४ म्हणजे ६, आणि पाऊण गायब! मेथड डबल परत देते हे वर ठसठशीत लिहिलेलं होतं, पण भागाकार आधीच होऊन गेलेला असतो. सांडलेलं दूध मोठ्या कॅनमध्ये ओतलं म्हणून वाढत नाही. ४ च्या जागी ४.० लिहिलं आणि सुरळीत झालं. माझं नशीब असं की तपासायला मी नेमकं २८ निवडलं होतं, चारानं नि:शेष भाग जाणारं. २९ घातलं असतं तर पहिल्या मिनिटाला सापडलं असतं. २९ डिग्रीवाल्या सभासदाला लिटरमागे दीड रुपया कमी बसत होता, आणि २७ डिग्रीवाल्याला चार रुपये. खऱ्या पगारात हे गेलं असतं तर संस्थेच्या दारात काय झालं असतं, ते सांगायला नको. पुढे एसएनएफ एका दशांशावर आणताना १० नं भागायचं होतं, तिथेही १०.० लिहायचं विसरलो, हे भाचीला अजून सांगितलेलं नाही.

कपात ही मेथड मला सगळ्यात सोपी वाटली होती. सभासदाची उचल आणि पशुखाद्याचे पैसे बिलातून वजा करायचे. बिल पाठवलं, कपात पाठवली, आत लिहिलं ‘बिल = बिल - कपात’. बाहेर येऊन बघतो तर बिल जिथल्या तिथे. आतमध्ये छापून बघितलं तर वजा झालेलं. बाहेर आलं की पुन्हा पूर्वीचं. भूतबाधा!

या वेळी मात्र भाचीला फोन करायच्या आधीच मला सुचलं. मी या धंद्यात आलो तेव्हा फॅट गर्बर पद्धतीनं काढायचे. काचेच्या ब्युटिरोमीटरमध्ये १० मिली सल्फ्युरिक ॲसिड, त्यावर १०.७५ मिली दूध, मग १ मिली अमाइल अल्कोहोल, आणि मशीनमध्ये गरगर फिरवायचं. नळीतलं दूध जळून तपकिरी व्हायचं. पण कॅनमधलं दूध पांढरंच राहायचं, कारण नळीत गेला होता तो नमुना. जावा मेथडला नमुनाच देतं. बिलाची एक प्रत काढून आत पाठवतं, आत तुम्ही तिच्यावर ॲसिड ओता नाहीतर पाणी, बाहेरच्या बिलाला धक्का लागत नाही. वजा झालेली रक्कम हवी असेल तर ती रिटर्न करा आणि बाहेर ‘बिल = कपात करून आलेलं’ असं लिहून घ्या. एका ओळीची दुरुस्ती, पण ती कळायला दोन रात्री गेल्या.

आणि मग याच्या बरोब्बर उलटं घडलं. दहा दिवसांचं सकाळ-संध्याकाळचं दूध, म्हणजे वीस आकडे, मी एका ॲरेमध्ये, म्हणजे आकड्यांच्या रांगेत, ठेवले होते. सगळ्यात जास्त दूध कुठल्या वेळी आलं ते काढायला एक मेथड केली. आत ॲरे सॉर्ट केला, म्हणजे लहानापासून मोठ्यापर्यंत लावला, आणि शेवटचा आकडा परत दिला. उत्तर बरोबर. पण त्यानंतर दिवसवार यादी छापली तर पहिल्या तारखेला सगळ्यात कमी दूध आणि दहाव्या तारखेला सगळ्यात जास्त, एकदम पायरी-पायरीनं. जणू म्हशींनी ठरवून वाढवत नेलं होतं. मी आत केलेलं सॉर्ट बाहेरच्या खऱ्या ॲरेवर झालं होतं.

“तूच म्हणालीस ना, नमुना जातो?”

“नमुनाच गेला, मामा. पण ॲरेच्या व्हेरिएबलमध्ये आकडे नसतात, ते कुठे ठेवलेत त्याचा पत्ता असतो. प्रत त्या पत्त्याची जाते.”

कपाटाची दुसरी चावी करून दिल्यासारखं. चावी नवी, कपाट तेच. ज्याच्या हातात चावी तो आतल्या फायली हलवू शकतो. ॲरेची प्रत काढून ती सॉर्ट करायला शिकलो, आणि मग भाची म्हणाली की सर्वांत मोठा आकडा शोधायला सॉर्ट लागतच नाही, एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली की पुरे. हे आधी नाही का सांगायचं!

होळीच्या सुमारास सगळं जमून आलं. जुन्या रजिस्टरातल्या एका दशकाचा, म्हणजे दहा दिवसांचा, पगार मी प्रोग्रॅमनं काढला आणि तेव्हाच्या बिलांशी ताडून पाहायला बसलो. गाईच्या दुधात माझा दर सगळीकडे भलताच कमी. ४.० फॅट आणि ८.७ एसएनएफच्या दुधाला ३२.५० ऐवजी २३.१०. प्रोग्रॅम कुठे अडला नव्हता, कुठे लाल रेघ नव्हती. दर मेथड एकटी चालवली की ३२.५० यायचं. पगाराच्या मेथडमधून चालवली की २३.१०. एसएनएफची मेथड तपासली, बरोबर. दरपत्रक तपासलं, बरोबर : मूळ दर ३० रुपये, फॅटच्या प्रत्येक पॉइंटला (म्हणजे ०.१ ला) ३० पैसे, एसएनएफच्या पॉइंटला ५० पैसे, वर किंवा खाली. रात्रीचे बारा वाजले. बायको दोनदा येऊन दार वाजवून गेली.

शेवटी मी कागदावर मेथड बोलावलेली ओळ मोठ्या अक्षरांत लिहून काढली. दर(एसएनएफ, फॅट). आणि खाली मेथडची पहिली ओळ. दर(डबल फॅट, डबल एसएनएफ).

बास, एवढंच. मी आकडे उलटे पाठवले होते. नावं अगदी स्पष्ट मराठीत होती, ‘एसएनएफ’ आणि ‘फॅट’, कुठलाही माणूस वाचून म्हणाला असता की बाबा, उलटं झालंय. पण जावा नावं वाचत नाही, जागा मोजतं. पहिला आकडा पहिल्या रकान्यात, दुसरा दुसऱ्यात. दोन्ही डबल, मग त्याची काय तक्रार असणार? ८.७ फॅट आणि ४.० एसएनएफचं गाईचं दूध या पृथ्वीवर कुठे निघत नाही, पण माझ्या प्रोग्रॅमनं त्याचा दर न कुरकुरता काढून दिला होता.

खरी अंगावर काटा आणणारी गोष्ट दुसऱ्या दिवशी ध्यानात आली. एसएनएफच्या पॉइंटलाही ३० पैसेच असते तर? करून बघितलं. सरळ पाठवा किंवा उलटं पाठवा, दर ३२.१० च. दोघांचा भाव सारखा असला की हिशेबात शेवटी फक्त त्यांची बेरीज उरते, आणि बेरजेला क्रमाचं सोयरसुतक नसतं. म्हणजे ती चूक प्रोग्रॅममध्ये वर्षानुवर्षं सुखानं नांदली असती आणि ज्या दिवशी संघानं एसएनएफचा भाव बदलला असता, त्या दिवशी सगळ्या गावाचा पगार आडवा झाला असता. सगळ्यांनी संशय नव्या दरपत्रकावर घेतला असता.

भाची म्हणाली, पायथनमध्ये पाठवताना नाव लिहून पाठवता येतं, फॅट इतकं, एसएनएफ इतकं, मग क्रम उलटा झाला तरी बिघडत नाही. जावात तशी सोय नाही. मी म्हटलं, मग आत तपासणी टाकू, फॅट एसएनएफपेक्षा जास्त आलं की थांबायचं. ती हो म्हणाली. पण तिला म्हशी माहीत नाहीत. आमच्याकडे दोन-तीन सभासदांच्या म्हशींचं फॅट नवाच्या वर जातं, ते काही चुकलेलं नसतं. म्हटलं, ही तपासणी गाईपुरतीच. शेवटी तिनं ‘नमुना’ नावाचा क्लास करायला शिकवलं. त्यात फॅट, एसएनएफ आणि प्रकार एकत्र बांधून ठेवायचे आणि मेथडला अख्खा नमुनाच द्यायचा. सुटे आकडे पाठवायची वेळच येत नाही. उलटं व्हायची जागा एकच उरते, नमुना भरतानाची, आणि ती एक ओळ मी तीनदा वाचून घेतो. अशीच गाठोडी पुढे परत देतानाही कामी आली, कारण एका मेथडमधून एकच किंमत परत येते आणि मला दर आणि रक्कम दोन्ही हवे होते.

अजून पावत्या संस्थेच्या सॉफ्टवेअरनंच निघतात. माझा प्रोग्रॅम बाजूला चालतो, पगाराच्या आदल्या रात्री ताळा बघायला. गेल्या महिन्यात दरपत्रक बदललं तेव्हा मी दर मेथडमधले दोन आकडे बदलले आणि दहा मिनिटांत मोकळा झालो. सॉफ्टवेअरचा माणूस आठ दिवसांनी उगवला.

परवा सकाळी ॲनलायझरची केबल निघाली. रांग तर लागलेली. म्हटलं, जुन्या पद्धतीनं घेऊ. मी डिस्प्लेसमोर उभा राहिलो आणि ओरडायला लागलो, “तीन-आठ, आठ-सहा! चार-एक, आठ-पाच!” टेबलावर नवीन पोरगा होता, त्यानं हे कधी केलेलं नव्हतं. पाच सभासद झाल्यावर त्यानं पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “आण्णा, तुम्ही आधी फॅट सांगताय का आधी एसएनएफ?”

रजिस्टर हातात घेतलं. पाचही ओळी उलट्या रकान्यांत होत्या.